बाराव्या शतकातलं सीमोल्लंघन

मी इंग्रजीत नापास झालो तो अमेरिकेत. इचलकरंजीत असताना कधी झालो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काय केलं ते त्या नापासापायी केलं. एरवी काकूंच्या जांभळ्या साडीचा फेटा बांधून बाराव्या शतकात जायची मला काही हौस नव्हती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, शाळा चौथीपर्यंत. हे मी लपवत नाही, उलट कोणी विचारलं नाही तरी सांगतो. धातुशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला येऊन पडलो. गावाचं नावच स्टेट कॉलेज, याचं वडिलांना फार कौतुक. पोराचं कॉलेज एवढं मोठं की गावानं त्याचं नाव लावलं, असं ते भेटेल त्याला सांगायचे. त्यात मी पहिल्याच पत्रात लिहून बसलो होतो की मी इथल्या मुलांना शिकवतो. खरं तर तेव्हा मी फक्त त्यांच्या जर्नल तपासत होतो. शिकवणं पुढच्या सत्रापासून सुरू व्हायचं होतं. पण पत्र गेलं आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीला कळलं की जॉबरचा पोरगा गोऱ्यांना शिकवतो.

तर शिकवायच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांची बोलण्याची परीक्षा असायची. परीक्षक एक बाई, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. समोर दोन-चार अमेरिकन मुलं बसवायची आणि आपण आपल्या विषयातलं काहीतरी दहा मिनिटं त्यांना समजावून सांगायचं. मी 'पोलादाला पाणी देणं' हा विषय घेतला. लालबुंद तापवलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, ते का. शब्दन् शब्द पाठ केला, जसा आयुष्यभर करत आलो तसा. फळ्याकडे तोंड करून सुरू केलं ते साडेचार मिनिटांत संपलं. उरलेला वेळ उभा राहिलो. बाईंनी विचारलं, असं पोलाद कधीकधी तडकतं, ते का? हा प्रश्न पाठ केलेल्यात नव्हता. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून, 'पोलाद म्हणजे'पासून सुरू केलं.

निकाल लागायचा तो लागला. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, तुला सगळं येतं, पण तू समोरच्याशी बोलत नाहीस, तुझ्या डोक्यात कोणीतरी बसलंय त्याला धडा म्हणून दाखवतोस. डोक्यात पाचवीचे गुरुजी छडी घेऊन बसलेत हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. आणखी एक संधी होती, एकच. ती गेली की जानेवारीपासून शिकवणं नाही, शिकवणं नाही म्हणजे असिस्टंटशिप नाही, आणि असिस्टंटशिप नाही म्हणजे फी-पगार दोन्ही नाही, बॅग भरायची.

माझा रूममेट नागपूरचा, संख्याशास्त्राचा. तो ही परीक्षा हसतखेळत पास झाला होता. त्याला बोलायला विषय लागत नाही, माणूस लागतो, आणि तोही नसला तर तो फ्रिजशी बोलतो. त्यानं मला ताब्यात घेतलं. रोज जेवताना म्हणायचा, चाल बे, मी गोरा, मला समजव. मी सुरू केलं की दुसऱ्या मिनिटाला तो जांभई द्यायचा आणि म्हणायचा, खरा गोरा याहून लवकर झोपला असता.

अशात एक दिवस काकूंची मुलगी आली. काकू आणि डॉक्टरकाका आमच्या गावापासून तासाभराच्या रस्त्यावर राहायचे, फार आधी आलेले, दर महिन्याला आम्हाला जेवू घालायचे. मुलगी आमच्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. आम्ही चोवीसचे, ती अठराची, पण आईनं शिकवलं होतं म्हणून ती आम्हाला काका म्हणायची, आणि तेही भरल्या डायनिंग हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत. आजूबाजूच्या मुलींना ते आमचं नाव वाटायचं, दोघांचंही एकच.

तिच्या इतिहासाच्या वर्गात एक खेळ असायचा. वर्ग शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी, छातीपर्यंत दाढी, गेली तीन वर्षं तो हा खेळ दर ऑक्टोबरात भरवत होता. बारावं शतक, धर्मयुद्ध चालू आहे, एका बाजूला क्रूसवाले, दुसऱ्या बाजूला सुलतानाची फौज. वर्गातली साठ मुलं चिठ्ठ्या टाकून इकडे-तिकडे वाटायची. आणि या सगळ्यात विसाव्या शतकातून आलेले तीन कालप्रवासी. मैदानावर चुन्याची रेघ, तिच्या दोन बाजूंना दोन सैन्यं, तह झालेला. प्रवाशांनी दुपारच्या घंटेपर्यंत तो टिकवायचा. टिकला तर ते आपल्या शतकात परत, मोडला तर तिथेच अडकले. त्यासाठी त्यांनी ऐन दुपारी रेघेवर उभं राहून दोन्ही सैन्यांना आपल्या काळातली एक गोष्ट समजावून द्यायची. सैन्य म्हणालं कळली, तर कळली.

तिसऱ्या प्रवाशाची जागा तिनं स्वतःसाठी ठेवली होती, दोन माणसं कमी होती. ती म्हणाली, "काका, यू गाइज आर परफेक्ट. तुम्ही ऑलरेडी कुठूनतरी आलाच आहात."

मी नाही म्हणणार होतो. पण रूममेटचे कान टवकारले. दहा मिनिटं, समोर अमेरिकन पोरं, एक गोष्ट समजावून द्यायची, ही तर आपल्या बाईंचीच परीक्षा. तो मला न विचारता बाईंकडे गेला आणि म्हणाला, याची दुसरी परीक्षा मैदानावर घ्या. बाई म्हणाल्या, नाहीतरी मी त्या दिवशी तिथे बिशप आहे. दाढीवाल्याला दरवर्षी एखादं पोक्त माणूस लागायचं आणि दरवर्षी त्या सापडायच्या. अशा रीतीनं माझं अमेरिकेतलं भवितव्य विद्यापीठाच्या गाईंच्या गोठ्यामागच्या मैदानावर ठरायचं नक्की झालं.

नियमांचं पुस्तक अकरा पानांचं होतं. मी ते पाठ केलं. तह चालू असताना रेघ ओलांडायची तर रिकाम्या हातानं. हातात काहीही असलं तर तो हल्ला. छातीला काठी लागली किंवा काठीनं डोक्यावरचं उडवलं की माणूस मेला. मेलेल्यानं घंटा होईपर्यंत आडवं राहायचं, बोलायचं नाही. आणि तह मोडलाच, तर मोडणाऱ्यानं दोन्ही सैन्यांना आपलं म्हणणं पटवून द्यायचं, दोघांनी मान्य केलं तर तह पुन्हा लागू. हे सगळं मी रूममेटला झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. पोलादाचं भाषणही नव्यानं बसवलं, आता ते घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटं चालायचं.

दसरा त्या आठवड्यात गुरुवारी होऊन गेला होता. पण अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात, आणि खेळही शनिवारीच होता. काकूंनी मुलीबरोबर सामान पाठवलं: फेट्यांसाठी दोन जुन्या साड्या, श्रीखंडाचा डबा, आणि खाकी पिशवीभर पानं. आपटा तिकडे कुठला मिळायला. त्यांच्या अंगणात रेडबडचं झाड होतं, त्याचं पान साधारण आपट्याच्या वळणाचं आणि ऑक्टोबरात पिवळंधमक. ते आपट्याच्याच कुळातलं आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, काकूंना ते बहुधा बघूनच कळलं होतं. फोनवर त्यांनी बजावलं की सोनं एकमेकांना द्या, नुसते हात हलवत बसू नका.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं फ्रिजच्या खोक्यात बसलो. खोक्याला बाहेरून चंदेरी कागद लावला होता, ते कालयंत्र. दाढीवाल्यानं ते गदागदा हलवलं आणि दार उघडलं. बाहेर बारावं शतक, आणि शेणाचा वास. निदान तेवढा इतिहास अस्सल होता. क्रूसवाल्यांनी चादरींवर लाल चिकटपट्टीचे क्रॉस लावले होते. सुलतानाची फौज बाथरोबमध्ये, डोक्याला टॉवेल. सगळ्यांच्या हातात स्पंज गुंडाळलेल्या काठ्या. मधोमध बिशप म्हणून आमच्या बाई, डोक्यावर हातभर उंच पुठ्ठ्याची टोपी, गळ्यात चष्मा तसाच. माझ्याकडे बघून त्यांनी टोपीसकट मान हलवली.

माझं भाषण दुपारी होतं, मध्ये दीडेक तास. मी खोक्याला पाठ टेकून डोळे मिटून पुटपुटत बसलो. दोन सैन्यं रेघेच्या दोन बाजूंना डोनट खात होती. रूममेट बराच वेळ त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होता. मग म्हणाला, "अबे, दसरा आहे, सीमा आहे, अन् आपण इथं बसून काय करून राहिलो?"

मी डोळे उघडले. समोर खरोखरच सीमा होती. पांढरीशुभ्र, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत आखलेली. आमच्याकडे सीमोल्लंघनाला ओढ्यापलीकडे जायचो, पण तिथे सीमा नेमकी कुठे हे कोणालाच ठाऊक नसायचं, वडील म्हणतील तिथे ती. आणि इथे एवढी चांगली सीमा, डोक्याला फेटा, हाताशी पिशवीभर सोनं, आणि मी पोलाद घोकत बसलोय. मला हसू फुटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा फुटलं ते थांबेचना. मग रूममेटला फुटलं, मग त्या पोरीला. आम्ही उठलो आणि मुठी भरभरून पानं घेतली.

पोरगी म्हणाली, "वेट, काका, इज दिस अलाउड?"

आणि अकरा पानं पाठ असलेल्या मी तिला सांगितलं, "अगं, सोनं द्यायला चाललोय आपण. दसऱ्याला रिकाम्या हातानं कोणाकडे जातात का?"

शपथेवर सांगतो, मला नियम आठवलाच नाही. आठवला असता तरी पान म्हणजे 'काहीही' असं वाटलं नसतं. आम्ही तिघांनी एका ओळीत, उजवा पाय पुढे टाकून रेघ ओलांडली. पहिला जो भेटला तो चादरवाला शिलेदार, ओठाला साखर लागलेली. मी त्याच्यापुढे पान धरलं. त्यानं माझ्या मुठीकडे बघितलं. मग शेजाऱ्याकडे बघितलं. मग तुतारी वाजली.

धर्मयुद्ध कसं असतं ते मी आतून बघितलं आहे. साठ जणं एकदम ओरडत येतात आणि कोण कोणाचा हे पहिल्या मिनिटानंतर कोणालाच कळत नाही. बाथरोबचे पट्टे सुटतात, खाली जीन्स दिसते. माझ्या पाठीत तीन काठ्या बसल्या, स्पंजाच्या असल्यानं गुदगुल्या झाल्या, आणि मी पानं सांभाळत पळत होतो, कारण सोनं जमिनीवर सांडू नये एवढंच डोक्यात. काकूंच्या मुलीनं कोणाची तरी ढाल पळवली होती आणि जी बाजू जवळ येईल तिच्या बाजूनं ती लढत होती. रूममेट लगेच मेला. पण मेल्यावर बोलायचं नाही हे त्याला जमेना. आडवा पडल्या पडल्या तो येणाऱ्या-जाणाऱ्याला डावपेच सांगत होता, त्याला दोनदा ताकीद मिळाली.

आणि मग ते झालं. बिशपच्याच बाजूचा एक उंच पोरगा लांब भाला घेऊन गर्रकन वळला आणि बाईंची टोपी उडाली. बाईंनी गवतावरच्या टोपीकडे बघितलं. नियम म्हणजे नियम. त्यांनी कोट नीट खाली घेतला, चष्मा छातीवर सरळ केला, आणि त्या शांतपणे मेल्या.

माझी परीक्षा पाऊण तासावर आली होती आणि माझी परीक्षक गवतात मरून पडली होती.

दाढीवाल्यानं शिट्टी फुंकून सगळ्यांना थांबवलं. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. तीन वर्षांत तह कधी क्रूसवाल्यांनी मोडला होता, कधी सुलतानानं. तो टिकवायला आलेल्यांनीच मोडला असं कधी झालं नव्हतं. त्यानं मला नियम म्हणून दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, नववं पान, मला पाठ आहे. ते ऐकून तो जास्तच खचला. म्हणाला, मग आता दोन्ही सैन्यांना सांग तू का मोडलास. आत्ताच सांग, दुपारपर्यंत थांबायचं नाही. मी म्हटलं, माझं भाषण पोलादावर आहे. तो म्हणाला, पोलाद आता कोणालाच ऐकायचं नाही.

मी बाईंकडे गेलो. वाकून विचारलं, माझ्या परीक्षेचं काय? बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले, मनगट वर करून एक डोळा किलकिला करत घड्याळ बघितलं आणि बोटानं हवेत एक गोल काढला. सुरू कर.

रेघेवर उभा राहिलो. डावीकडे एक सैन्य, उजवीकडे दुसरं, मधे मेलेले. तोंड फिरवायला फळा नव्हता. कुठेही वळलो तरी समोर माणसंच. डोक्यात वाक्य शोधलं तर एकच सापडलं, 'पोलाद म्हणजे'. ते गिळलं. मग हातातलं पान वर धरलं आणि म्हटलं, "हे हत्यार नाही. हे सोनं आहे."

सगळे हसले. हसताना बोलून उपयोग नाही, म्हणून मी थांबलो. हसणं संपल्यावर पुढचं सांगितलं. आमच्याकडे पाऊस सरला की वाटा मोकळ्या व्हायच्या, नद्या उतरायच्या, तेव्हा फौजा मोहिमेवर निघायच्या, आणि तो दिवस हा. आधी वेस ओलांडायची. आता फौजा गेल्या, वेस राहिली. आम्ही ती ओलांडतो, झाडाची पानं घेऊन परत येतो आणि सोनं म्हणून सगळ्यांना देतो. एका शिलेदारानं विचारलं, याची किंमत काय? मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सोनं, उद्या सकाळी कचरा. टॉवेलवाल्यांतली एक मुलगी म्हणाली, ज्याला द्यायचं तो आवडायलाच हवा का? मी म्हटलं, मुळीच नाही. माझे वडील आणि चुलते दोन वर्षं बोलत नव्हते, पण दसऱ्याला एकमेकांच्या दारात जाऊन पान द्यायचे आणि मग पुन्हा न बोलायला सुरुवात करायचे. सुलतान एवढा हसला की त्याचा टॉवेल सुटला.

तेवढ्यात गवतातून एक हात वर झाला. बाईंचा. दाढीवाला म्हणाला, मेलेल्यांना बोलता येणार नाही.

"मेलेलीच आहे मी," बाई डोळे मिटून म्हणाल्या, "पण मला एक प्रश्न आहे. संध्याकाळी घरीच परत यायचं असेल, तर सीमा ओलांडायचीच कशाला?"

मागच्या वेळी अशाच प्रश्नाला मी पहिल्यापासून सुरुवात केली होती. आता पहिल्यापासून असं काही नव्हतंच. मग जे सुचलं ते बोललो: "पलीकडे काय आहे ते बघून यायचं असतं. बहुतेक लोक संध्याकाळी परत येतात. आमच्यातले काही जरा लांब आले, त्यांना अजून यायला जमलं नाही."

बाईंनी वर केलेला हात खाली घेतला.

आता मान्यता घ्यायची होती. क्रूसवाल्यांचा सरदार कपाटाएवढा पोरगा होता. त्यानं नीट खात्री करून घेतली. म्हणजे फौजा निघायचा दिवस तो आजचा? मी म्हटलं, तसा गुरुवारी झाला, पण धर आजचाच. शुभ असतो का? आता माझी गाडी सुटली होती. मी त्याला साडेतीन मुहूर्त समजावले. म्हटलं, हा दिवस असा की पंचांग बघावं लागत नाही, वेळ विचारावी लागत नाही, जे काय सुरू कराल ते फत्ते. अर्धा मुहूर्त कसा असतो तेही सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, माझ्या हातून पान घेतलं, कपाळाला लावलं, ते मी दाखवलंही नव्हतं, आणि शिरस्त्राणात खोचलं. दुसरं पान त्यानं सुलतानाला दिलं. दोघं कडकडून भेटले. मग दोन्ही सैन्यांनी पानं घेतली, मेलेल्यांच्या छातीवरही एकेक ठेवलं. दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तह पुन्हा लागू झाल्याचं त्यानं जाहीर केलं.

त्यावर तो कपाटाएवढा सरदार आपल्या सैन्याकडे वळला, काठी उंच केली, आणि आज मुहूर्त आहे असं म्हणून त्यानं रेघ ओलांडली. अख्खं सैन्य त्याच्यामागे. सुलतानाची फौज म्हणाली, मग आम्ही काय घोडं मारलंय, आणि ती तिकडून इकडे आली. मेलेले नुसतेच पडून कंटाळले होते, तेही उठले. प्रत्येकाच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पान. या खेपेला सगळे हसत हसत लढत होते, आणि मारायच्या आधी एकमेकांना सोनं देत होते.

दाढीवाला आमच्या कालयंत्रावर जाऊन बसला. खोकं दबलं. आम्ही तिघं बाराव्या शतकात कायमचे अडकल्याचं त्यानं तिथूनच सांगितलं. काकूंची मुलगी ढाल घेऊन पुन्हा आत शिरली होती, तिला ते ऐकूही गेलं नाही. रूममेट आपणहून जिवंत झाला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गेलं बे. तुझी परीक्षा बुडाली."

मलाही तसंच वाटलं. टिकवायला सांगितला होता तह आणि मी पेटवलं युद्ध, तेही दुसऱ्यांदा. बाई उठून बसल्या होत्या, घंटा व्हायच्या आधीच. कोटाला लागलेलं गवत त्यांनी झटकलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, चौदा मिनिटं झाली. मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात करून थांबवलं. म्हणाल्या, बावीस वर्षं ही परीक्षा घेतेय, शिकवलेलं वर्गानं तिथल्या तिथे वापरून दाखवलं असं आज पहिल्यांदा बघितलं. साठच्या साठ जणांना कळलंय, आणखी काय पुरावा हवा?

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला फॉर्म काढला. टेकायला टेबल नव्हतं. इकडेतिकडे बघून त्यांनी मला वळायला सांगितलं आणि वाक म्हणाल्या. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. फेटा सुटून जांभळा पदर नाकापुढे लोंबत होता, दोन्ही बाजूंनी पोरं ओरडत पळत होती, एकानं पळता पळता माझ्या मुठीतलं शेवटचं पान ओढून नेलं. बाईंनी कागद माझ्या पाठीवर पसरला.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहायचंय."